रविवारचा रकाना

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पिंपरी, भोसरी, चाकण, सगळीकडे तेच. पूर्वी विजेच्या टंचाईमुळे तसं ठरलं होतं, असं जुने लोक सांगतात. वीज सुधारली, सुट्टी तिथेच राहिली. बँक, दवाखाना, दळण उरकायला गुरुवार बरा पडतो. अडचण होते ती आमच्यासारख्या मोजक्यांची. आम्ही ख्रिस्ती. आमची उपासना रविवारी, आणि रविवारी कंपनी चालू.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. पत्र्यावर ठोके मारून गाड्यांचे लहानमोठे भाग काढायचे, हे आमचं काम. माझ्याजवळ कायम एक लांबट वही असते. डाव्या पानावर घरची कामं, उजव्या पानावर कंपनीची, आणि वही उलटी केली की मागून चर्चची. झालेलं काम खोडायचं. न झालेलं दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. या सवयीवर मी सुपरवायझर झाले, आणि या सवयीचा मला अभिमान होता.

प्रत्येक प्रेसच्या बाजूला एक तपासणीचा तक्ता लटकवलेला असतो. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक उभा रकाना, खाली सहीची जागा. पहिली ओळ सेन्सरची. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि त्यांच्यामधून डोळ्यांना न दिसणारे किरण जातात. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. तपासायची रीत सोपी आहे. सकाळी सात वाजता, काम सुरू होण्याआधी, लाकडी दांडा किरणांमध्ये धरायचा आणि पायाने पेडल दाबायचं. प्रेस हलली नाही तर टिक. हलली तर मशिन बंद. अर्धं मिनिट लागतं.

सुपरवायझर झाले तेव्हा मी रविवारचा प्रश्न मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. माणूस चांगला होता, आडमुठा नव्हता. म्हणाले, "मॅडम, चर्चला जा, मला काही नाही. एकला या, आठपर्यंत थांबा. हजेरी मी सातचीच लावतो. फक्त तक्ता मोकळा दिसला नाही पाहिजे. ऑडिटवाले मोकळा रकाना बरोबर हुडकतात."

त्यावर मी तोडगा काढला. शनिवारी संध्याकाळी निघताना सगळ्या प्रेस तपासायच्या आणि रविवारच्या रकान्यात टिक आणि सही करून टाकायची. रात्रीत मशिनला काय होणार आहे? माझ्या जागी रविवारी सकाळी दुसऱ्या कोणी तपासावं, यासाठी एका ओळीचं अधिकारपत्र पुरलं असतं. साहेबांनी ते दिलंही असतं. पण मग रविवारच्या रकान्यात दुसऱ्याची सही दिसली असती, आणि माझी सातची हजेरी उघडी पडली असती. म्हणून पत्राचा विषय मी काढला नाही.

पहिली काही वर्षं मी शनिवारी खरोखर दांडा धरून पाहत असे. मग कधीतरी दांडा सुटला आणि नुसतं पेन राहिलं. कधी सुटला ते आठवत नाही. माझ्या वहीत तारीख नाही अशा फार थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

लाईनवर सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेसवर साचे बसवणारा एक सेटर मला पेन घेऊन फिरताना पाहून मोठ्याने म्हणायचा, "मॅडमचं बरं आहे राव! देवपण खूश, ऑडिटरपण खूश." मीही हसायचे. आणि चर्चमध्ये, महिला मंडळात, मी उभी राहून साक्ष दिली होती की, कारखान्यात असूनही प्रभूने माझा एकही रविवार चुकू दिला नाही. बायकांनी मान डोलावली. एकीने डोळे पुसले.

तो रविवार महिन्याचा पहिला होता, म्हणजे प्रभुभोजनाचा, भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. उपासनेत फोन मी बंद ठेवते. भाकर आणि प्याला घेऊन, शेवटचं गीत म्हणून बाहेर आले, चपला घातल्या आणि फोन चालू केला. सेटरचे नऊ कॉल येऊन गेले होते. मी लावला. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, चार नंबर. हात गेला."

पूर्ण हात नव्हता. उजव्या हाताची तीन बोटं. परभणीकडून आलेली, ठेकेदाराकडची बाई, चाळिशीच्या आतबाहेरची. दीड महिन्यापूर्वीच लागली होती आणि कायम दुसऱ्या शिफ्टला असायची. त्या दिवशी कोणाच्या तरी बदल्यात पहिल्यांदाच सकाळी आली होती. शनिवारच्या रात्रपाळीत चार नंबरचा सेन्सर उगाचच प्रेस थांबवत होता, म्हणून मेंटेनन्सवाल्याने वायर जोडून तो बायपास केला. सकाळी काढू म्हणाला आणि शिफ्ट संपल्यावर घरी गेला. पत्रा अडकला, बाईने हात घातला, पेडलवर पाय पडला.

सात वाजता मी दांडा धरला असता तर प्रेस हलली असती. मी मशिन बंद केलं असतं. यात जर-तर फारसं नाही.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चार नंबरचा तक्ता होता, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. रविवारच्या रकान्यात माझी टिक, खाली माझी नीटस सही.

"तक्ता क्लिअर आहे," ते म्हणाले. "सातला सेन्सर चालू होता. त्यानंतर कामगाराने स्वतः छेडछाड केली. रिपोर्ट असा जाईल."

"साहेब, तिला वायर कुठली असते तेही माहीत नाही."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही." त्यांनी पेन पुढे केलं. "मॅडम, हे तुमच्यासाठीच करतोय. तुम्ही सातला कुठे होतात, हे कोणी विचारायला नको."

मी सही केली. लिहायला सोपं जातं म्हणून आणखी एकदा लिहिते. मी सही केली, आणि केबिनमधून बाहेर पडून दुपारची उत्पादनाची यादी केली.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं, त्याची मला सहीपेक्षा जास्त लाज वाटते. मी त्या बाईचं नाव चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत घातलं. बुधवारच्या बैठकीत तिच्यासाठी देवाकडे मध्यस्थी झाली. मीच मोठ्याने प्रार्थना केली. डब्यांचं वेळापत्रक आखलं: सोमवारी कोण, मंगळवारी कोण, पथ्याचं काय, डबे परत कोणी आणायचे. बायकांनी मनापासून केलं. वही उलट्या बाजूने भरत गेली, आणि रोज काहीतरी खोडलं जात होतं. इतकी कामं खोडली जात असताना माणसाला आपण बरे आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटलं.

ती चाकणजवळच्या एका गावात राहायची. तिथल्याच एका शेतकऱ्याने रानात बांधलेल्या दहा पत्र्याच्या खोल्यांपैकी एक. नवरा बांधकामावर जायचा. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, माझी पाळी होती. घरमालकीण ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "व्हय, हाय की घरात," ती म्हणाली. "पर बोलत न्हाई कुणाशी. तुमीच बोलतं करा."

माझ्याशी ती बोलली. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हापासून ती मला मॅडम म्हणायची सोडून ताई म्हणायला लागली होती. हाताचं बांधलेलं बोचकं मांडीवर ठेवून तिने डाव्या हाताने भात खाल्ला, अर्धा सांडला. मी वेचू लागले, तर म्हणाली, "राहू द्या ताई, कोंबड्या खातील." मग थांबून म्हणाली, "एक विचारू का? राग नका मानू."

"विचार की."

"त्या दिशी सकाळी तुम्ही मशिन बघितलं होतं ना?"

मी काही बोलले नाही. तिला ते होय वाटलं.

"साहेब म्हणायलेत की तुमची सही हाय. म्हणजे तव्हा चांगलं होतं. मग मीच कुठं तरी हात लावला असंल. वायरीला, खटक्याला." ती डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करत होती. "लई आठवायलेय ताई, मला तर काहीच लावल्यालं आठवंना. पण तुम्ही बघितल्यावर खोटं कसं असंल? घरी आमचे मालक पण तेच म्हणायलेत. म्हणतेत, तुझ्या हाताला आधीपासून खोड हाय."

तिला स्वतःची आठवण खोटी वाटत होती, कारण माझी टिक खरी होती.

मी डबा आवरला. बाहेर आले. घरमालकीण म्हणाली, "बोलली का?" मी म्हणाले, "बोलली." आमच्या चऱ्होलीपर्यंत बसमध्ये उभी होते. वही काढली नाही.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याची कंपनी बंद पडल्यापासून तो घरीच आहे, गुडघेही गेलेत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू बोललीस म्हणून तिची बोटं उगवणार आहेत का?"

"नाही."

"मग? आपलं काय होणार, ते लिहून बघ एकदा त्या वहीत."

"लिहिलंय."

"आणि?"

"एका पानात मावलं नाही."

तो हसला नाही. मीही हसवायला म्हणून बोलले नव्हते.

शुक्रवारी कामावरून परतताना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते व्हरांड्यात गळक्या नळाशी झटत होते, हातात पाना. सगळं सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिले.

"ताई, मंडळीतली निम्मी माणसं त्याच पट्ट्यात पोट भरतात," ते म्हणाले. "किती जण असे रकाने भरत असतील, मला ठाऊक नाही. विचारायचं मला धाडस होत नाही."

"मी काय करू ते सांगा."

"तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? मी नको म्हणावं म्हणून?"

मी त्याचसाठी गेले होते. त्यांनी विचारेपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

ते पुन्हा नळाकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "परवाच्या रविवारी प्रभुभोजन आहे."

माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढली. तिच्या लहानपणी तिथल्या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याच्या दारात जाऊन यायचं. चिंचवडच्या चाळीत राहायला आल्यावरही आईने ती सोडली नाही. एकदा नळावरून शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं होतं. शनिवारी संध्याकाळी आई केस विंचरून तिच्या दारात गेली. दार उघडलं नाही. आई थोडा वेळ उभी राहून परत आली आणि दुसऱ्या दिवशी तिने प्याला घेतला. मी विचारलं, "तिने दारच उघडलं नाही, मग कसं चालतं?" आई म्हणाली, "आपण गेलो होतो ना."

शनिवारी मी रजा टाकली. एकोणीस वर्षांत शनिवारची पहिली. डबा नेला नाही. तिच्या खोलीत उंबऱ्याजवळ बसले आणि आडवळण न घेता सांगितलं. मी त्या सकाळी नव्हते. मी चर्चमध्ये होते. टिक आदल्या दिवशीची होती, तीही न बघता केलेली. वायर मेंटेनन्सवाल्याने रात्री जोडली होती. तू कशालाही हात लावला नव्हतास. मग साहेबांच्या रिपोर्टवर मी सही केली, हेही सांगितलं.

तिने बांधलेला हात मांडीवरून उचलून पाहिला. मग हळू म्हणाली, "म्हणजे मी लावला नव्हता हात."

"नाही."

"मला आठवत होतं ते बरोबर होतं."

"हो."

तिने भिंतीला डोकं टेकलं. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"तीन आठवडे डबे आणायलात तुम्ही," ती म्हणाली. "समोर बसून मला खाऊ घालायलात. तुमच्या पाया पडायचंच राहिलं होतं माझं."

"माझं चुकलं. मला माफ..."

"त्या कोपऱ्यात दोन डबे राह्यलेत तुमचे. घासून ठेवल्यात. न्या. आणि जा आता, मॅडम."

ताई गेलं, मॅडम आलं. मी डबे उचलले. शेजारच्या बाईकडून घासून घेतले असतील, की तिने डाव्या हाताने घासले असतील, हा विचार बस थांब्यापर्यंत डोक्यातून गेला नाही.

रविवारी मी उपासनेला गेले. शेवटून तिसऱ्या बाकावर बसले. भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं, मी काही न घेता ते पुढे दिलं. प्याल्याचंही तेच. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. आईचं उत्तर मला वापरता येईना. आईचं भांडण नळावरून होतं.

सोमवारी आधी साहेबांना सांगितलं आणि मग पुण्याला कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन जबाब दिला. साहेबांच्या पाठीमागून जायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते ओरडले नाहीत. चेहरा मात्र एकदम म्हातारा दिसला.

"मॅडम, हे कोणी मागितलं होतं तुमच्याकडे?"

"कोणी नाही."

"तुमचा रविवार मी अकरा वर्षं सांभाळला."

"हो साहेब."

"त्याची ही परतफेड?"

मी ज्याला प्रभूवरचा विश्वास म्हणत होते, तो या माणसाच्या खोट्या हजेरीवर उभा होता, आणि आता खरं बोलून मी त्यालाच अडचणीत आणत होते. त्यांच्या मुलीचं लग्न त्या हिवाळ्यात ठरलं होतं. पत्रिका मला आली नाही.

कंपनीने रिपोर्ट बदलला. नव्या रिपोर्टप्रमाणे सगळा दोष एका सुपरवायझरचा, जिने कंपनीला अंधारात ठेवून खोट्या नोंदी केल्या. मला काढलं. अंधारात ठेवल्याचं सोडलं तर तेही खोटं नव्हतं. त्या बाईवरचा छेडछाडीचा ठपका मात्र निघाला, आणि तिचा नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला. दावा अजून चालू आहे. लाईनवर माझ्या जागी आलेला माणूस रोज सातला दांडा धरतो, असं सेटरने फोनवर सांगितलं. पुढे म्हणाला, "ऑडिट होईपर्यंत तरी धरील."

महिला मंडळात माझ्याविषयी दोन मतं झाली. काहींना वाटलं मी धाडस केलं. ते ऐकून मला साक्षीची आठवण यायची आणि अंग चोरावंसं वाटायचं. काहींनी म्हटलं, ख्रिस्ती माणसांना आता चाकणला नोकरीत कोण रविवार देईल? त्यांचं ऐकून घेण्यापलीकडे मी काही करू शकत नव्हते. एका बाईच्या मुलाची रविवारची सवलत खरोखरच बंद झाली. तो आता गुरुवारी चर्चला येतो, एकटाच बाकावर बसतो आणि जातो.

चार महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या खोल्यांची घरमालकीण. "मॅडम हायत का? आमची भाडेकरीण बोलवतीया. कसला फारम भरायचाय, तिच्या मालकाला जमना. म्हनती, त्यांना लिवायचं चांगलं येतंय." मागून तिचाच आवाज आला, "चांगलं नका म्हणू. लिवायचं येतंय एवढंच सांगा."

मी गुरुवारी गेले. ती म्हणाली, "बसा. दुसरं काही बोलायचं नाही." मी फॉर्म भरला. सहीच्या जागी ती अडखळली. उजव्या हाताची सही गेली होती आणि डाव्या हाताची अजून बसत नव्हती. मी वहीतलं एक पान फाडून त्यावर रेघा आखून दिल्या. तेव्हापासून दर गुरुवारी जाते. तिच्या दाव्याचे कागद लिहिते, पुढच्या तारखा लिहिते, आणि ती रेघांवर डाव्या हाताने आपलं नाव गिरवते. चहा देत नाही. ताई म्हणत नाही. मीही तिला आता तुम्ही म्हणते. परतल्यावर वहीत ते काम खोडत नाही. पुढच्या गुरुवारच्या पानावर उतरवते.

प्रभुभोजनाचं ताट अजून माझ्याकडून पुढे जातं. पाळकसाहेब काही विचारत नाहीत.

गेल्या गुरुवारी एक अर्ज पूर्ण झाला. तिने पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि थांबली.

"तारीख आजचीच टाकलीत ना, मॅडम?"

"आजचीच."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारचा आकडा पाहिला, मग कागदावरचा पाहिला, दोन्ही जुळले. आणि मग हळूहळू, वाकड्या अक्षरांत, तिने सही केली.